नाव कुणाला विचारायचं?

आगाशीत कुणी ‘नेट गेलं’ म्हणालं की नेमकं काय गेलं ते आधी विचारावं लागतं. लाईट जाऊन राऊटर बंद पडला तरी नेट गेलं. पावसाळ्यात नारळाची झावळी कोसळून खांबावरची केबल तुटली तरी नेट गेलं. रिचार्ज संपला तरी तेच. आणि राऊटरचे दिवे हिरवे आहेत, वायफायचे दांडे पूर्ण भरलेत, तरी ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही, यालाही लोक तेच म्हणतात. पहिल्या तीन प्रकारांत लॅपटॉपसमोर बसून आपल्याला फारसं काही करता येत नाही. केबलवाल्याला फोन करायचा आणि वाट बघायची. चौथ्यात मात्र बरंच करता येतं.

हा चौथा प्रकार ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. टर्मिनल उघडून ‘पिंग १.१.१.१’ अशी आज्ञा द्या. (या पुस्तकात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाईप करायच्या, हे एव्हाना अंगवळणी पडलं असेल.) एकेक ओळ येऊ लागली, तिच्या शेवटी मिलीसेकंद दिसू लागले, की तार शाबूत आहे असं समजा आणि कंट्रोल-सी दाबून थांबवा. आता आकड्यांच्या जागी नाव घाला: ‘पिंग एमयू.एसी.इन’. हे मुंबई विद्यापीठाचं संकेतस्थळ. विरार-वसईच्या पोरांना निकालाच्या दिवशी ते पाठ असतं. पहिल्याच ओळीत नावापुढे कंसात आकडी पत्ता दिसला तर नावाचा शोध लागला. त्यापुढे पिंगला उत्तर मिळो न मिळो, काही सर्व्हर मुद्दामच गप्प बसतात. पण ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असं आलं, आणि मघाचं आकड्यांचं पिंग व्यवस्थित चालत होतं, तर नेट गेलेलं नाही. नावावरून पत्ता सांगणारा कुणीतरी उत्तर देत नाहीये.

तो ‘कुणीतरी’ म्हणजे डीएनएस सर्व्हर. माझा लॅपटॉप नेमका कुणाला विचारतो, हा प्रश्न साधा वाटतो. लिनक्सवर एके काळी त्याचं उत्तर एका फाईलीत दोन ओळींत मिळायचं. आता ते साखळीत विखुरलेलं असतं, आणि बहुतेकांची फजिती होते ती त्या साखळीची चुकीची कडी पकडल्यामुळे.

आधी विचारण्याची रीत बघू. चाळपेठेत उतरून ‘म्हात्र्यांचं घर कुठे?’ असं विचारलंत तर उलट प्रश्न येईल, ‘कुठले म्हात्रे? पुरापाड्याचे की उंबरगोठणचे?’ नाक्यावरच्या माणसाला प्रत्येक घर माहीत नसतं. पाडा कुठे ते तो सांगतो. पाड्यावरचा माणूस आळी दाखवतो, आणि घर आळीतला माणूस दाखवतो. डीएनएस असंच चालतं, फक्त नाव उजवीकडून डावीकडे वाचायचं. ‘एमयू.एसी.इन’ शोधताना सर्वात आधी मूळ सर्व्हरांना विचारलं जातं. त्यांना विद्यापीठ ठाऊक नसतं, पण ‘इन’ची वही कुणाकडे आहे ते ठाऊक असतं. तिथून ‘एसी.इन’, आणि तिथून विद्यापीठाचा स्वतःचा सर्व्हर. मूळ सर्व्हरांना ‘ए’ ते ‘एम’ अशी तेरा नावं आहेत, पण प्रत्येक नावामागे जगभर पसरलेल्या अनेक प्रती आहेत. मुंबईतही आहेत. त्यामुळे आगाशीतून निघालेल्या प्रश्नाला पहिल्या पायरीसाठी समुद्र ओलांडायची गरज पडत नाही.

ही सगळी वणवण तुमचा लॅपटॉप स्वतः करत नाही. तो एकाच जाणत्या सर्व्हरला सांगतो, ‘तू विचारून ये आणि मला पत्ता दे.’ या जाणत्याला रिझॉल्व्हर म्हणतात. तो उत्तर आणतो आणि काही वेळ लक्षातही ठेवतो, म्हणजे शेजारच्या वाडीतून तोच प्रश्न आला तर पुन्हा फिरायला नको. किती वेळ लक्षात ठेवायचं ते नावाच्या मालकाने उत्तरातच सांगितलेलं असतं. या प्रकरणात आपण शोधणार आणि बदलणार आहोत तो हा जाणता.

ही व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. त्याआधी साऱ्या जाळ्यावरच्या यंत्रांची एकच यादी होती. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, ते यादीत नाव घालायचे आणि सगळ्यांनी यादी उतरवून घ्यायची. यंत्रं शेकड्यांत होती तोवर हे निभलं. त्या यादीचा वंशज तुमच्या लिनक्समध्ये आजही आहे: ‘ईटीसी’ फोल्डरातली ‘होस्ट्स’ ही फाईल. आणि बहुतेक ठिकाणी तिचा मान डीएनएसच्याही आधी असतो. एखादं एकच नाव चुकीच्या जागी नेत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर पहिल्यांदा ती फाईल उघडा. कधी काळी कुणीतरी तिथे एक ओळ घालून विसरलेलं असतं.

‘इन’ची वही तर आपल्या अगदी जवळ होती. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत ती वर्षानुवर्षं होती. ही संस्था पुढे सीडॅकमध्ये विलीन झाली. नियम इतके कडक होते की १९९२ ते २००४ या काळात ‘इन’खाली जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. १ जानेवारी २००५ पासून नोंदणी सर्वांना खुली झाली आणि वही निक्सी या संस्थेकडे गेली. ‘एसी.इन’ ही शैक्षणिक शाखा मात्र अर्नेट इंडिया सांभाळते. लोकलने विरारहून अंधेरी गाठली की पलीकडेच जुहू. देशाचं इंटरनेटवरचं आडनाव इतकी वर्षं तिथल्या यंत्रांत होतं, याची पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना कल्पना नसावी याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता शोध. जुन्या पुस्तकात बघितलंत तर एकच उत्तर सापडेल: ‘कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’. (या फाईलीच्या नावातल्या रिझॉल्व्हला शेवटचं ‘ई’ नाही. घातलंत तर फाईल सापडत नाही.) आज्ञा अजून चालते. पण उबुंटू १८.०४ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, किंवा फेडोरा ३३ वा त्यानंतरचं असेल, तर तिथे हमखास ही ओळ दिसते:

नेमसर्व्हर १२७.०.०.५३

हे बघून माणूस बुचकळ्यात पडतो. १२७ने सुरू होणारा पत्ता म्हणजे हाच लॅपटॉप. म्हणजे लॅपटॉप स्वतःलाच विचारतो? हो, अगदी तसंच. आत ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ नावाची एक सेवा चालू असते. सगळे प्रोग्राम तिला विचारतात आणि बाहेर कुणाला विचारायचं ते ती ठरवते. रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाईल आता नुसती पाटी आहे, ‘चौकशी आत करा’ एवढंच सांगणारी. खरं उत्तर आत मिळतं:

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस

‘रिझॉल्व्ह’ (इथे मात्र शेवटचं ‘ई’ आहे, आधीसारखं गाळू नका) आणि त्याला चिकटून सी, टी, एल. आज्ञा दिली की उत्तर दोन-तीन भागांत येतं. वर ‘ग्लोबल’ हा सगळ्यांसाठीचा भाग. खाली प्रत्येक जोडणीसाठी एकेक ‘लिंक’: केबलची वेगळी, वायफायची वेगळी. वायफायच्या लिंकला ‘डब्ल्यूएलपी२एस०’ असलं काहीतरी अगम्य नाव असतं, त्याला घाबरू नका. तिच्याखालच्या दोन ओळी कामाच्या: ‘करंट डीएनएस सर्व्हर’ म्हणजे आत्ता ज्याला विचारतोय तो, आणि ‘डीएनएस सर्व्हर्स’ म्हणजे यादीतले सगळे. आगाशीतल्या बहुतेक घरांत तिथे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.२९.१ असा पत्ता निघेल. तो कपाटावर ठेवलेला तुमचाच राऊटर.

म्हणजे अजून पोचलो नाहीच. राऊटरलाही नावांचे पत्ते ठाऊक नसतात. तो प्रश्न पुढे ढकलतो, बहुधा नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे. तेव्हा साखळी अशी: ब्राउझर, त्यामागे लॅपटॉपातली रिझॉल्व्हड, मग राऊटर, मग कंपनीचा रिझॉल्व्हर, आणि त्याच्यापलीकडे मूळ सर्व्हर वगैरे. राऊटरचा पत्ता लॅपटॉपला कुठून कळला? वायफाय जोडताना राऊटर लॅपटॉपला एक आकडी पत्ता वापरायला देतो, आणि त्याच निरोपात ‘नावं मला विचार’ असंही सांगतो. या देवघेवीला डीएचसीपी म्हणतात. लॅपटॉप निमूट ऐकतो. आपण काही न ठरवता रिझॉल्व्हर ठरतो तो असा.

डेबियनवर रिझॉल्व्हड आपोआप बसलेली नसते, तिथे रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये राऊटरचा पत्ता सरळ दिसतो, कारण नेटवर्कमॅनेजर ती फाईल स्वतः लिहितो. बहुतेक डेस्कटॉप लिनक्सवर चालणारी दुसरी आज्ञा ‘एनएमसीएलआय डिव्हाइस शो’. तिच्या लांबलचक यादीत ‘आयपी४.डीएनएस’ आणि ‘आयपी६.डीएनएस’ या ओळी शोधा. दुसरी ओळ बघायची राहूनच जाते. आज बऱ्याच जोडण्यांवर दोन्ही प्रकारचे पत्ते एकदम मिळतात, आणि दोन्हींचे डीएनएस सर्व्हर वेगवेगळे असू शकतात. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

राऊटरच्या पलीकडे कोण आहे हे कळण्याची एक युक्ती आहे. ‘डिग’ हे साधन आधी बसवून घ्या. उबुंटूवर ते ‘बाइंड९-डीएनएसयूटिल्स’ या पॅकेजात येतं. मग ‘डिग +शॉर्ट व्हूअ‍ॅमआय.अकामाय.नेट’ असं विचारा. या नावाचं उत्तर दर वेळी बदलतं: प्रश्न घेऊन शेवटी जो रिझॉल्व्हर अकामायच्या दारात आला, त्याचाच पत्ता उत्तर म्हणून परत येतो. मग तो कंपनीचा आहे की आणखी कुणाचा, ते पत्त्यावरून शोधता येतं.

बदलायचं कशासाठी? कंपनीचा रिझॉल्व्हर बरा चालत असेल तर बदलायला कारण नाही, हे मी आधीच सांगतो. ‘डीएनएस बदला, नेट दुप्पट वेगाने चालेल’ असं म्हणणाऱ्या व्हिडिओंचा सुळसुळाट आहे. पत्ता मिळेपर्यंतचा वेळ बदलतो, त्यानंतर सिनेमा जेवढ्या वेगाने यायचा तेवढ्याच वेगाने येतो. तुमची तार तीच राहते. हा पत्ता मिळण्याचा वेळ मोजता येतो: ‘डिग एमयू.एसी.इन’ अशी आज्ञा द्या आणि शेवटची ‘क्वेरी टाइम’ ओळ बघा. तीच आज्ञा लगेच पुन्हा दिलीत तर आकडा शून्यावर किंवा एकावर येतो, कारण उत्तर आता लॅपटॉपच्याच स्मरणात आहे.

खरी कारणं दुसरी असतात. कंपनीचा रिझॉल्व्हर मधूनच मान टाकतो. किंवा अस्तित्वात नसलेलं नाव विचारलं की जाहिरातीचं पान दाखवतो. घरात लहान मुलं असतात आणि काही प्रकारची स्थळं गाळायची असतात. किंवा आपण कुठली नावं विचारतो ते कंपनीला दिसू नये असं वाटतं. पहिल्या कारणाचा अनुभव अनेकांना पानं ‘लटकण्या’च्या रूपात येतो. ज्या यंत्रात रिझॉल्व्हड नाही आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ थेट वापरली जाते, तिथे सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर लिनक्स ठरावीकपणे पाच सेकंद थांबतो आणि मग यादीतल्या पुढच्याकडे जातो. यादीतले पहिले तीनच धरले जातात. एका पानात वीस वेगवेगळी नावं असतील आणि पहिला सर्व्हर मेलेला असेल, तर ते पान उघडण्याची वाट बघत चहा होतो.

कुणाकडे जायचं? गूगलने डिसेंबर २००९मध्ये ८.८.८.८ सुरू केला, आणि पाठ करायला सोपा म्हणून तो सगळ्यांच्या तोंडी बसला. क्वाड९ हा २०१७ सालचा, पत्ता ९.९.९.९, जोडीला १४९.११२.११२.११२. ज्ञात घातक स्थळांची नावं तो सांगतच नाही. २०२१पासून त्याचं ठाणं स्वित्झर्लंडमध्ये आहे. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा १ एप्रिल २०१८ला जाहीर झाला आणि तारखेमुळे अनेकांना थट्टाच वाटली. हे आकडे परदेशी वाटले तरी प्रश्न परदेशात जातोच असं नाही. एकाच पत्त्यामागे जगभर यंत्रं असतात आणि प्रश्न सहसा जवळच्या यंत्राकडे वळतो. स्वतः बघायचं असेल तर ‘डिग +शॉर्ट केऑस टीएक्सटी आयडी.सर्व्हर @१.१.१.१’ असं विचारा. उत्तरात त्या यंत्राच्या गावाची तीन विमानतळी अक्षरं येतात. आगाशीतून बी, ओ, एम आली तर प्रश्न मुंबईतच सुटला. काही कंपन्यांच्या जोडण्यांवरून मात्र भलतंच शहर निघतं. ती वाट कंपनीने ठरवलेली असते, तिथे तुमचं काही चालत नाही.

अनोळखी माणसाने सांगितलेला पत्ता मात्र कधीही घालू नका. रिझॉल्व्हर ज्याच्या हातात, तो तुम्हाला बँकेचं नाव विचारल्यावर भलत्याच दारात उभं करू शकतो. हे नुसतं भय नाही. ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या घातक प्रोग्रामने शंभरावर देशांतल्या सुमारे चाळीस लाख संगणकांमधला डीएनएस सर्व्हरचा पत्ता गुपचूप बदलला होता. नोव्हेंबर २०११मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघडकीला आणली आणि एस्टोनियात सहाजणांना अटक झाली. पण खरी पंचाईत पुढेच होती. टोळीचे सर्व्हर तडकाफडकी बंद केले तर लाखो लोकांना एकही नाव सापडणार नव्हतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्याच पत्त्यांवर चांगले सर्व्हर बसवले गेले आणि लोकांना सावध करण्यासाठी मुदत मिळाली. ती ९ जुलै २०१२ला संपली, तोवरही अनेकांनी आपला पत्ता तपासला नव्हता. हा प्रोग्राम विंडोज आणि मॅकवर चालायचा. पण राऊटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असेल तर तो राऊटरमध्येही शिरून पत्ता बदलायचा. राऊटर बदलला की त्याला जोडलेला लिनक्सवालाही बुडाला. ‘माझा लॅपटॉप कुणाला विचारतो’ हे अधूनमधून बघायची सवय म्हणूनच बरी.

आता बदल. शेजारच्या वाडीतली एक मुलगी जुना लॅपटॉप घेऊन आली होती, त्यावर उबुंटू होतं.

‘काका, मी फाईलमध्ये नऊ-नऊ-नऊ-नऊ टाकलं होतं. चाललंपण. लाईट जाऊन आली की परत जुनंच.’

‘कुठली फाईल?’

‘रिझॉल्व्ह.कॉन्फ.’

‘अगं, तिच्या पहिल्या ओळी वाचल्यास का?’

त्या फाईलीच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं की ही फाईल रिझॉल्व्हड सांभाळते, हात लावू नका. ती मुळात खरी फाईलही नसते. आत दुसऱ्या फाईलीकडे बोट दाखवणारा दुवा असतो, आणि त्या फाईलीचा मजकूर यंत्र नव्याने सुरू होताना पुन्हा लिहिला जातो. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून ‘चॅटर’ या आज्ञेने फाईल गोठवून टाकायला सांगतात. गोठते खरी. मग काही महिन्यांनी तुम्ही कॉलेजच्या वायफायवर जाता, तिथे काहीच उघडत नाही, आणि फाईल आपणच गोठवली होती हे आठवत नाही. जिथे पत्ता ठरतो तिथेच तो बदलावा. दिसतो तिथे पुसून लिहिला तर तो टिकत नाही.

घरच्या वायफायसाठी ते ठिकाण म्हणजे नेटवर्कमॅनेजर. सेटिंग्जमध्ये वायफाय उघडा आणि आपल्या जोडणीसमोरच्या दातेरी चाकावर टिचकी मारा. ‘आयपीव्ही४’ या कप्प्यात डीएनएसपुढे ‘ऑटोमॅटिक’ची खिटी असते. ती बंद करून खाली पत्ते लिहा, मध्ये स्वल्पविराम. आता सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम: शेजारच्या ‘आयपीव्ही६’ कप्प्यातही ऑटोमॅटिक बंद करा, आणि तिथे त्याच सेवेचे सहाव्या प्रकारातले पत्ते लिहा किंवा ती जागा मोकळी ठेवा. हे केलं नाहीत तर अर्धे प्रश्न नव्या सर्व्हरकडे आणि अर्धे जुन्याकडे जाऊ शकतात, आणि ‘बदललं तरी फरक नाही’ अशी तक्रार सुरू होते. शेवटी ‘अप्लाय’, मग वायफाय एकदा बंद करून पुन्हा चालू. नुसतं अप्लाय केल्याने चालू जोडणी बदलत नाही.

टर्मिनलवर हेच काम दोन आज्ञांत होतं. ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ने जोडणीचं नाव बघून घ्या, समजा ते ‘घर’ आहे. मग:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय घर आयपीव्ही४.डीएनएस "९.९.९.९ १४९.११२.११२.११२" आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस आयपीव्ही६.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस

एनएमसीएलआय कनेक्शन अप घर

‘इग्नोर-ऑटो-डीएनएस येस’ म्हणजे राऊटरने सांगितलं तरी त्याचं ऐकू नकोस. हा भाग गाळला तर राऊटरचा पत्ताही यादीत तसाच राहतो. त्या मुलीच्या लॅपटॉपवर एवढं केलं, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ पाहिलं. नऊचे आकडे जागेवर होते.

दोन सर्व्हर लिहिताना पहिला ‘मुख्य’ आणि दुसरा ‘राखीव’ असं आपण धरून चालतो. रिझॉल्व्हडचं तसं नाही. पहिला कधी अडखळला तर ती दुसऱ्याकडे जाते आणि त्याचं बरं चाललंय तोवर तिथेच राहते. म्हणून क्वाड९ आणि गूगल अशी खिचडी करू नये. मुलांसाठी गाळणारा एक आणि सगळं सांगणारा दुसरा, तर गाळणं कधी होईल आणि कधी नाही याचा भरवसा उरत नाही. दोन्ही पत्ते एकाच सेवेचे ठेवा.

नुसतं करून बघायचं असेल तर ‘रिझॉल्व्हसीटीएल डीएनएस डब्ल्यूएलपी२एस० ९.९.९.९’. जोडणी तुटली की हा बदलही जातो. चाचणीसाठी उत्तम. आणि घरी, कॉलेजात, मामाकडे, प्रत्येक वायफायवर एकच सर्व्हर हवा असेल तर ‘ईटीसी’तल्या ‘सिस्टमडी’ फोल्डरात ‘रिझॉल्व्हड.कॉन्फ’ आहे. तिच्यात ‘डीएनएस=’ पुढे पत्ते लिहायचे. त्याखाली ‘डोमेन्स=~.’ ही विचित्र दिसणारी ओळही हवी. ती नसेल तर जोडणीने आणलेला सर्व्हरही स्पर्धेत राहतो, आणि कुणाचं उत्तर वापरलं गेलं ते कळत नाही. नंतर ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड’.

गोपनीयतेसाठी बदलत असाल तर अजून एक पायरी. डीएनएसचे प्रश्न मुळात उघड्या पत्रासारखे ५३ क्रमांकाच्या दारातून जातात. सर्व्हर बदलला तरी मधली कंपनी ते वाचू शकते, आणि वाटेत अडवून स्वतःच उत्तरही देऊ शकते. मघाच्या व्हूअ‍ॅमआयच्या चाचणीत क्वाड९ ऐवजी कंपनीचाच पत्ता आला तर असंच घडतंय. रिझॉल्व्हड.कॉन्फमध्ये ‘डीएनएसओव्हरटीएलएस=येस’ लिहिलं की प्रश्न कुलूपबंद होऊन ८५३ क्रमांकाच्या दाराने जातात. हेही व्हीपीएन नव्हे. तुम्ही कुठल्या स्थळाशी जोडला गेलात ते कंपनीला अजूनही इतर खुणांवरून कळतं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली बंद केलेली स्थळं नुसतं नाव विचारण्याच्या पातळीवरच अडवलेली असतात असंही नाही.

फायरफॉक्स आणि क्रोम हे तर प्रणालीला बगल देऊन स्वतःच कुलूपबंद डीएनएस वापरू शकतात. टर्मिनल एक सांगतं आणि ब्राउझर दुसरंच करतो, असं दिसलं तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ किंवा ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ बघा.

रिझॉल्व्हर बदलून सगळंच सुटतं असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम गप्प झाले. गावोगावच्या ग्रुपांवर शुकशुकाट, आणि जो तो राऊटर बंद-चालू करत बसला. फेसबुकच्या आतल्या चुकीमुळे त्यांच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरांपर्यंत जाणाऱ्या वाटाच जगाच्या नकाशावरून गेल्या होत्या. गूगलला विचारा, क्वाड९ला विचारा, कंपनीला विचारा, शेवटचा पत्ता सांगणारा माणूसच घरात नव्हता. सुमारे सहा तास ते तसंच राहिलं. अशा वेळी एक नाव सुटत नाही आणि बाकीची सुटतात, तेव्हा लॅपटॉपला हात लावू नये.

रेल्वे स्टेशनच्या फुकट वायफायवर हाताने घातलेला सर्व्हर अडचण करतो. तिथे आधी मोबाईल नंबर टाकायचं पान उघडावं लागतं, आणि ते पान दाखवायला स्टेशनचं वायफाय तुमचा पहिला डीएनएस प्रश्न मध्येच पकडतं. तुम्ही प्रश्न कुलूपबंद करून पाठवलात तर त्याला तो पकडता येत नाही, आणि तुम्ही गाडीची वाट बघत रिकाम्या पानाकडे बघत बसता. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या आतल्या यंत्रांची नावंही बाहेरच्या सर्व्हरला माहीत नसतात. म्हणूनच सगळीकडे लागू होणाऱ्या रिझॉल्व्हड.कॉन्फपेक्षा फक्त घरच्या जोडणीपुरता केलेला बदल मला बरा वाटतो. बाकी ठिकाणी लॅपटॉप तिथल्या यजमानाचं ऐकतो.

मराठीत लिहिलेली नावंही आता विचारता येतात. ‘.भारत’ हा शेवट देवनागरीत २७ ऑगस्ट २०१४ला सुरू झाला, आणि मराठी त्यातली एक भाषा आहे. पण ही जुनी यंत्रणा फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ जाणते. म्हणून तारेवर ‘भारत’ जातो तो ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ होऊन. रिझॉल्व्हसीटीएल क्वेरीमध्ये अशी ओळ दिसली तर विषाणू समजून घाबरू नका.

बदल केल्यावर जुनी उत्तरं लॅपटॉपच्या स्मरणात असतात. ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ने ती पुसा आणि मग तपासा. आणि सगळं पूर्वीसारखं करायचं असेल तर: एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय घर आयपीव्ही४.डीएनएस "" आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस नो, तेच आयपीव्ही६साठी, आणि पुन्हा कनेक्शन अप. मधलं अवतरण चिन्ह रिकामं ठेवायचं आहे. त्यात एक मोकळी जागासुद्धा नको.